ऋतूप्रमाणे हलणारं स्वयंपाकघर

मराठवाड्यातल्या भोकरकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर वर्षभर एका जागी नसे. होळी झाली, ऊन तापू लागलं की एक चूल अंगणात यायची, लिंबाच्या सावलीला किंवा पऱ्हाट्यांच्या कुडाआड. मृगाच्या तोंडावर तीच चूल आत जायची आणि सरपण पडवीत रचलं जायचं. थंडीत न्हाणीच्या पाण्याची चूल पहाटेच पेटायची आणि तिच्याभोवती घर गोळा व्हायचं. याला कोणी सजावट म्हटलं नाही, आराखडाही काढला नाही. पण विस्तव कुठे ठेवायचा, पाणी कुठे, धान्य कुठे आणि कोणत्या महिन्यात कुठे, हे ठरवणं म्हणजेच स्वयंपाकघराची रचना. ती रचना इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऋतू पाहून केली.

आज ‘या मोसमातलं स्वयंपाकघर’ म्हटलं की डोळ्यांपुढे रंग येतो. पॅन्टोन ही अमेरिकी कंपनी 2000 सालापासून दरवर्षी एक रंग जाहीर करते. 2025 साठी तिने मोका मूस नावाचा तपकिरी रंग निवडला. मग तशाच छटा रंगांच्या तक्त्यांत आणि सनमायकाच्या नमुन्यांत दिसू लागतात. भोकरला नवं घर बांधणारं जोडपं मोबाइलवरचं चित्र मिस्त्रीपुढे धरतं: पांढराशुभ्र ओटा, कड्या नसलेली कपाटं, उघडी फळी, तिच्यावर दोन कुंड्या. चित्र सुंदर असतं. पण ते बहुतेक वेळा अशा घराचं असतं जिथे मे महिन्यात 43 अंश तापमान नसतं, श्रावणात भिंतीला ओल धरत नाही आणि वर्षाची ज्वारी घरात भरावी लागत नाही.

मराठवाड्यात ऋतू स्वयंपाकघरात शिरतो तो ऊन, ओल, धूळ आणि किडा यांच्या रूपाने. यांचा बंदोबस्त आधी आणि रंगाची निवड मागून, हा क्रम पाळला तर स्वयंपाकघर टिकतं. उलटा क्रम धरला तर दोन पावसाळ्यांत कपाटाची दारं फुगतात.

जुनं घर कसं काम करत होतं, ते आधी पाहू. नांदेड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात माळवदाची घरं होती. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि किलचण, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. या मातीतून ऊन आत पोचायला दुपार सरायची, म्हणून दिवसा घर गार राहायचं. माळवदाला एक भोक असायचं, साणं. त्यातून उजेड यायचा, धूर जायचा. चूल शक्यतो त्याच्या जवळ. चुलीला जोडून वैल, जिथे मुख्य जाळाच्या उरलेल्या धगीवर वरण किंवा दूध राहायचं. मागे भानवस, मातीचा छोटा कट्टा. तिथे तेला-मिठाचं भांडं कोरडं राहायचं. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला शिंकं, भिंतीच्या पोटात धान्याचं बळद. एकही वस्तू शोभेची नव्हती. एकाच जाळावर दोन भांडी शिजवणारी वैल म्हणजे सरपणाची बचत, आणि शिंकं म्हणजे मांजर, मुंगी व उकाडा यांच्यावरचा एकत्र उपाय.

या घराचे गोडवे गाऊन थांबता मात्र येणार नाही. पावसात साण्यावर परात किंवा पत्रा झाकावा लागे. म्हणजे नेमकं जेव्हा जळतण ओलं आणि धूर जास्त, तेव्हाच धुराची वाट बंद. आषाढ-श्रावणात चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे लाल आणि छातीत खोकला, हे घरोघरचं चित्र होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसं मेली. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही सिलिंडर पोचू लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. चुलीवरच्या भाकरीची चव आठवताना ही किंमत कोण मोजत होतं, ते विसरू नये.

माळवदाचा शेवट एका पहाटे झाला. 30 सप्टेंबर 1993 रोजी चार वाजायच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्यात हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार हीच त्या रात्री मरणाची कारणं ठरली. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत होती. वर्षानुवर्षं थर चढत गेला होता, वजन वाढत गेलं होतं. त्यानंतर लोकांच्या मनातून माळवद उतरलं. जिथे पैसा होता तिथे स्लॅब आला, नव्हता तिथे पत्रा आला. पत्र्याने भूकंपाची धास्ती घालवली, पण उन्हाळा थेट चुलीवर आणून बसवला. पत्र्याखाली दुपारी बारानंतर स्वयंपाक करणं म्हणजे वरून एक तवा आणि खालून एक तवा. एकमजली घराचा उघडा स्लॅबही कमी नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत घरात सोडत राहतो.

म्हणून आपल्या भागात स्वयंपाकघराचा पहिला विचार छतापासून सुरू व्हावा. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. फाल्गुन-चैत्रात गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले की उन्हाचा मोठा वाटा वरच्या वर परततो. अहमदाबाद महापालिकेने 2013 साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे 2017 पासून गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली. तत्त्व तेच आहे. पाऊस पडला की चुना धुपतो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. ऋतूचा रंग म्हणायचा तर हा. तो दिवाणखान्यात दिसत नाही, पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भर दुपारी जाणवतो.

दुसरा विचार दिशेचा. स्वयंपाकघर आग्नेयेला असावं, असं आपल्याकडे सांगतात. श्रद्धा बाजूला ठेवून पाहिलं तरी त्यात हिशेब दिसतो. त्या कोपऱ्यात सकाळचं ऊन येतं आणि ओल वाळते. दुपारचं पश्चिमेचं ऊन लागत नाही. आणि पावसाळी वारं पश्चिम-नैऋत्येकडून येत असल्यामुळे धूर आणि फोडणीचा ठसका घरात न पसरता बाहेर जातो. गावठाणातल्या अरुंद जागेत दिशा निवडायची सोय नसते. तेव्हा निदान पश्चिमेच्या भिंतीवर खिडकी लहान, तिच्यावर खोल छज्जा आणि बाहेर एखादा वेल किंवा शेवगा, एवढं तरी करता येतं. हवा खेचणारा पंखा छताजवळ आणि समोरच्या भिंतीत खाली हवा आत यायची जाळी, ही जोडी हवी. नुसता पंखा बसवून दार-खिडकी बंद ठेवली तर तो खेचणार काय?

त्या खालच्या जाळीचं आणखी एक काम आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवून त्याला गुळगुळीत दार लावतात, ते दिसायला नीटस असतं, पण दाराच्या तळाशी जाळी नसेल तर ते धोक्याचं आहे. थंडीत खिडक्या बंद असतात, तेव्हा अधिकच.

आता उन्हाळ्याच्या कामांकडे येऊ, कारण मराठवाड्याच्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. याच दोन महिन्यांत वर्षाची बेगमी होते. गहू भिजवून, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि कुरडया घालायच्या. शेवया, पापड, सांडगे, खारवड्या, ज्वारीचे धापोडे. धर्माबादच्या बाजारातून मिरची आणायची, देठ काढायचे, उन्हात कडक करून तिखट कांडायचं. काळा मसाला भाजायचा, येसर करायचं. कैरी आली की लोणचं, आणि ज्या फळाचं नाव या गावाला आहे त्या भोकराचंही लोणचं. या कामांना लागतं काय? मोठं पातेलं बसेल असा मजबूत विस्तव, आठदहा जणींना गोल बसता येईल एवढी सपाट जमीन, आणि चार पावलांवर कडक ऊन.

कंपनीच्या तयार स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं. त्याचा मूळ नमुना वेगळ्या गरजेतून जन्मला. 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. एकटीने, कमीत कमी पावलांत काम उरकावं हा त्याचा हेतू. तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आजचं मॉड्युलर किचन त्यांचंच नातवंड. त्या बाईंची हुशारी मोठी होती. पिठाचे खण त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण त्यातल्या तुरट अंशाने कीड दूर राहते. कपाटांना निळसर रंग दिला, कारण माशा निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. म्हणजे रंगसुद्धा त्यांनी कामाला लावला. पण ते घर जर्मनीतल्या लहान कुटुंबाचं होतं. तिथे कुरडयांचा चीक शिजत नव्हता आणि शेजारणी लाटायला येत नव्हत्या.

आपल्याकडे नव्या घरात यावर उपाय एकच दिसतो: दुसरी चूल. गॅसचा ओटा आत असू द्या. पण मागच्या दाराबाहेर, छज्ज्याखाली, एक खालचा कट्टा, एक नळ आणि मोठी शेगडी किंवा सुधारित चूल बसेल एवढी जागा सोडा. अमेरिकेतल्या शेतघरांतही एकोणिसाव्या शतकात उन्हाळी स्वयंपाकघर वेगळं, मुख्य घरापासून अलग बांधत; घर तापू नये हाच उद्देश. बाहेरचा कट्टा आणि गच्चीचा जिना जवळजवळ असले तर शिजलेला चीक, ओले पापड, भाजलेला मसाला यांची वरखाली ने-आण सोपी होते. जिना पुढच्या दारातून आणि वाळवण मागच्या खोलीत, अशी मांडणी असली की ते घर बांधताना वाळवण कोणाच्या ध्यानातच नव्हतं, हे कळतं. वाळवण करणाऱ्या बाईला आराखडा काढताना विचारलं असतं तर हे घडलं नसतं.

ओट्याच्या उंचीचंही तसंच. भाजी चिरायला, फोडणी द्यायला कमरेइतका ओटा बरा. पण ज्वारीची भाकर थापायला खांद्याचा भार तळहातावर यावा लागतो, आणि उंच ओट्यावर तो येत नाही. मनगट आणि खांदा दुखतो. ओट्याचा एक दीड हाताचा तुकडा चार-पाच इंच खाली घेतला तर परात त्यावर नीट बसते. तेवढ्या बदलाला फारसा खर्च नाही. इथे रोज भाकरी होतात, तेव्हा हा तुकडा मला चिमणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दगडाबद्दल थोडं. या भागात पूर्वी जमिनीला शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा असे. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, कैरीचं पाणी सांडलं की त्यांच्यावर डाग पडतो. ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही. सध्या पांढऱ्या कृत्रिम दगडाचे ओटे लोकप्रिय आहेत. पण नांदेड-हिंगोली हा हळदीचा मुलूख. इथे फोडणीत हळद सढळ पडते आणि पांढऱ्या ओट्याच्या सांध्यांत पिवळी रेघ बसते. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून कपड्यावरचा डाग जातो. ओटा काही उन्हात टाकता येत नाही. पांढरा ओटा हवाच असेल तर तो खिडकीखाली घ्या आणि हळद-मिरचीचे डबे काळ्या दगडावर ठेवा.

माठाची जागा हा तयार स्वयंपाकघरात हमखास विसरला जाणारा विषय. माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं, उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी आणि खेळती, तितकं हे चांगलं. म्हणूनच नांदेड-भोकरच्या कोरड्या मे महिन्यात माठ उत्तम चालतो आणि श्रावणात त्याचं पाणी कोमट राहतं. तो शेगडीपासून लांब, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत, खाली पाणी जायला उतार असलेल्या दगडी कट्ट्यावर हवा. अक्षय तृतीयेला नवा माठ घरात आणायची चाल याच मोसमाची आहे. आणि पाण्याचं म्हणाल तर 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे या भागात कोणी विसरलेलं नाही. स्वयंपाकघराला लागून झाकणाची टाकी आणि भांड्यांचं पाणी परसातल्या झाडाला जाईल असा उतार, ही इथे चैन म्हणता येणार नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. ज्वारी फाल्गुनात निघते, तूर त्याआधी. मृगाच्या आत धान्य वाळवून भरायचं ही शिस्त होती, कारण ज्वारीत ओल राहिली की सोंडे होतात आणि बुरशी धरते. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मग कडुलिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, वर राखेचा थर. बळदं गेली, कणग्या गेल्या, आता पत्र्याच्या कोठ्या आहेत. पण नव्या घरात कोठी ठेवायला जागा काढलेली नसते. ती जिन्याखाली ओलीत जाते. कोठी जमिनीपासून एक वीत उंच, भिंतीपासून चार बोटं दूर, बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लागून असावी. कपाटालाही हाच नियम.

कपाटाच्या लाकडाची फसवणूक पावसाळ्यातच उघडी पडते. दाबलेल्या भुश्शाचं बोर्ड स्वस्त आणि गुळगुळीत असतं, पण कडेने पाणी शिरलं की फुगतं आणि स्क्रू धरत नाही. सिंकखालच्या कपाटाला तरी आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लायवूड मागा. बाकी ठिकाणी आयएस 303 चं पाणी सोसणारं चालेल. त्याहून सोपं म्हणजे सिंकखाली कपाट करूच नये. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि स्टीलच्या जाळ्या ठेवल्या, की वाळवी नाही, फुगणं नाही, झुरळाला अंधारा कोपरा नाही. जुन्या ओट्यांखाली हेच असे. ते चित्रात छान दिसत नाही म्हणून गेलं, आणि माझ्या मते ते परत यावं.

सणांचे दिवस मोसमाच्या हिशेबातच येतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरण शिजतं, सोळा भाज्या होतात, फुलोरा तळला जातो आणि घरात दुप्पट-तिप्पट माणसं जेवतात. मार्गशीर्ष अमावस्येला लातूरकडे येळवस असते. भज्जी, आंबील, उंडे घेऊन घर शेतात जेवायला जातं. मोठी पातेली, पराती, झारे वर्षातून दोनदाच लागतात, पण लागतात तेव्हा हाताशी हवे. त्यांना माळ्यावर खोल जागा द्यावी आणि दर्शनी फळी रोजच्या भांड्यांना ठेवावी. कुंड्या आणि काचेच्या बाटल्यांनी ती भरली, की तवा-परात कोपऱ्यात ढकलली जाते.

राहिला रंग. दसऱ्याआधी घर सारवायचं, चुन्यात थोडी नीळ घालून भिंती द्यायच्या, ही इथली वार्षिक रंगसंगती. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर सोडतो. पावसाळा संपल्यावर तो देण्यामागे हे कारण आहे. चकचकीत तैलरंगाखाली ओल अडकते आणि पोपडे येतात. फोडणीच्या भिंतीला टाइल्स, बाकीच्या भिंतींना चुना किंवा हवा जाऊ देणारा फिका रंग, एवढं पुरेसं आहे. गडद रंगाची हौस असेल तर ती दारावर, पडद्यावर, डब्यांवर भागवावी. ते दरवर्षी बदलता येतात. भिंत आणि ओटा नाही.

स्वयंपाकघराचं काम सांगण्याआधी एक करा. आहे त्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी तीन वाजता अर्धा तास उभे राहा, आणि झडीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे झिरपतं, ओले फडके कुठे वाळत नाहीत, भाकर करणारीचा हात कुठे अडतो, ते कागदावर लिहा. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या आणि मगच बयाणा द्या.